लेन्स जोडावर मोडते

तुम्ही विचारलंय की सिग्माची १५०-६०० ही लांबचं टिपणारी मोठी झूम लेन्स सेकंडहँड घेतली, गळ्यात अडकवून कासला नेली आणि दुपारपर्यंत मान धरली. आता ती बाइकवरून चाळकेवाडीला आणि येरळवाडीला न्यायची आहे. कशात न्यावी, समोर फिल्टर लावावा का, आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात बुरशीपासून कशी वाचवावी?

मी मिरजेत राहतो. हीच लेन्स गेली आठ वर्षं माझ्याकडे आहे. सागरेश्वरची काळवीटं, दंडोबाचा डोंगर आणि थंडीत येरळवाडीचा तलाव, एवढ्यातच मी फिरतो. पण बाइक, एसटी, पायवाट, चिखल सगळं तिने पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मानेचं. कॅमेऱ्याबरोबर आलेला गळ्यातला पट्टा आजच काढून ठेवा. तुमची लेन्स १९३० ग्रॅमची आहे. मागे कॅमेरा सात-आठशे ग्रॅमचा धरला तरी पावणेतीन किलो झाले. मान दुखली तर रात्री शेकून उतरेल. खरी काळजी अशी की तो पट्टा कॅमेऱ्याच्या कानांत अडकवलेला असतो, आणि दोन किलोची लेन्स कॅमेऱ्याच्या तोंडाला लोंबत असते. तिथलं माउंटचं कडं मोजक्या बारीक स्क्रूंवर बसवलेलं असतं. चालताना दर पावलाला हिसका बसतो. लेन्स २६ सेंटिमीटर लांब, त्यामुळे हिसका तरफेसारखा वाढून त्या स्क्रूंवर येतो.

ही गोष्ट मला फोटोग्राफीत कुणी शिकवली नाही. आमच्याकडे सतारमेकर गल्ली आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते इथल्याच कारागिरांच्या कामाला. एकदा तिथल्या एका दुकानात बसलो होतो, तेव्हा प्रवासात दुखावलेला तंबोरा दुरुस्तीला आला. भोपळ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. दांडी जिथे भोपळ्याला जोडतात त्या गळ्यापाशी मात्र केसाएवढी चीर गेली होती. कारागिराने समजावलं की तंबोरा नुसत्या दांडीला धरून उचलला की भोपळ्याचा सगळा भार त्या जोडावर येतो, म्हणून दुसरा हात भोपळ्याखाली हवाच. मी घरी येऊन लेन्स पुढ्यात घेतली आणि जोड मोजले. कॅमेरा आणि लेन्स, कॉलर (म्हणजे लेन्सभोवतीचं पाय असलेलं कडं) आणि लेन्स, कॉलरचा पाय आणि त्याखाली बसवलेली धातूची प्लेट, प्लेट आणि पट्टा, आणि झूम केल्यावर बाहेर येणारी नळी. तोवर मी फक्त पुढच्या काचेला जपत होतो. तेव्हापासून मी जोड जपतो, आणि तुम्हाला सांगायचं तेही मुख्यतः हेच आहे.

तेव्हा उचलायची ती कॉलरच्या पायाला धरून. कॉलर फिरवून पाय वरच्या बाजूला आणला की बादलीच्या कडीसारखी छान पकड मिळते आणि कॅमेरा मागे नुसता येत राहतो. खांद्यासाठी आडवा पट्टा घ्या, जो एका खांद्यावरून दुसऱ्या कमरेवर उतरतो, आणि तो लेन्सच्या पायाखालच्या प्लेटला अडकवा. लेन्स कुल्ल्यापाशी, तोंड खाली करून राहते. चालताना एक हात तिच्यावर ठेवायचा. आणि उतार, ओढा, कुंपण आलं की पट्ट्याच्या भरवशावर राहायचं नाही, हातात घ्यायची.

पण नुसतं प्लेटला अडकवून भागत नाही, हे मी नुकसान सोसून शिकलो. प्लेट पायाला पाव इंची स्क्रूने बसते. जानेवारीत येरळवाडीला पट्टकादंब हे पाहुणे हंस बघायला गेलो होतो. मिरजेपासून सगळी वाट बाइकवर, लेन्स पाठीवर. तिथे उतरलो, पट्टा अडकवला आणि तलावाच्या कडेने चालू लागलो. शंभरेक पावलं गेलो असेन, खांदा एकदम हलका झाला. बाइकच्या थरथरीने स्क्रू आधीच ढिला झाला होता, लोंबत्या वजनाने उरलेले आटेही सुटले. लेन्स कॅमेऱ्यासकट ओल्या काळ्या मातीत तिरकी पडली. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं नळकांडं, फुटला आणि काच वाचली. पण त्यानंतर प्रत्येक फोटोची डावी बाजू मऊ, म्हणजे धूसर, येऊ लागली, कारण कॅमेऱ्याचं माउंट किंचित कललं होतं. दुरुस्तीत तो सगळा मोसम गेला.

त्या दिवसापासून तीन गोष्टी चुकवत नाही. प्लेटच्या स्क्रूला निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक, लावतो. निळंच, कारण ते पान्याने पुन्हा उघडता येतं, लाल मात्र तापवल्याशिवाय सुटत नाही. दुसरी गोष्ट मिस्त्री लोकांची: स्क्रूच्या डोक्यावरून प्लेटवर अशी एक सलग रेघ नेलपेंटने ओढली आहे. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. बाइकवरून उतरलो की पाणी प्यायच्या आधी ती रेघ बघतो. तिसरी म्हणजे राखणीची दोरी. कॅमेऱ्याच्या कानातून एक बारीक पण मजबूत दोरी थेट खांद्याच्या पट्ट्याला बांधलेली असते. एरवी ती ढिली असते, तिच्यावर काही भार नसतो. प्लेट सुटलीच तर लेन्स जमिनीपर्यंत पोचत नाही. कॉलरची मोठी घुंडीही रोज आवळून बघा. काही लेन्सची कॉलर सुटी निघते, आणि घुंडी ढिली पडली तर बाकी सगळं नीट असूनही लेन्स निसटू शकते.

झूमचं कुलूप लोक विसरतात. चालताना लेन्सचं तोंड खाली असलं की आतली नळी आपल्या वजनाने हळूहळू बाहेर येते. बाहेर आलेल्या नळीवर बाभळीची फांदी आपटली किंवा गाडीचं दार लागलं, तर मार आतल्या सरकत्या भागांना बसतो, आणि ते काम महागात जातं. तुमच्या लेन्सला बाजूला कुलपाचं बटण आहे. फोटो झाला की १५० वर आणायचं आणि बटण सरकवायचं. बोटांना ही सवय लागेपर्यंत पंधरा दिवस जातात. आत घेण्याआधी नळी पुसायचीही सवय लावा. चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्यांखाली वारा जी माती उडवतो ती बाहेर आलेल्या नळीवर बसते, आणि तुम्ही झूम आत घेतलात की तिच्यासोबत आत जाते. आमच्याकडे तीच तऱ्हा उसाच्या पाचटाची. फड पेटवला की काजळीच्या काळ्या पाकळ्या कोसभर उडत येतात. त्या बोटाने पुसल्या तर चुरगळून काळा लेप होतो. आधी ब्लोअरने उडवायच्या, मग मऊ ब्रश, आणि कापड सगळ्यात शेवटी. शर्टाच्या टोकाने काच कधीही पुसू नका.

आता बाइक. टाकीवरची बॅग, मागचं कॅरियर, बाजूची डिकी यांतलं काहीही नको. इंजिनाची थरथर आणि खड्ड्यांचा दणका तिथे सरळ लेन्सला मिळतो, आणि तुमच्या लेन्समध्ये कंप आवरणारा काचांचा गट हलता आहे. लेन्स पाठीवर घ्या. आपलं शरीर हा सगळ्यात चांगला शॉक अब्सॉर्बर आहे, खड्डा दिसला की आपण नकळत उठतो. सॅक पाठीला घट्ट बसली पाहिजे, म्हणून छातीचा आणि कमरेचा पट्टा असलेली घ्या आणि दोन्ही लावा. यवतेश्वरच्या घाटात वळणावर सॅक एका बाजूला झुकली तर गाडीचा तोलही बिघडतो. लेन्सबरोबर मिळालेली पिशवी खांद्याची आहे. गाडीतून न्यायला ती चालेल, बाइकला नाही.

लांबच्या बाइकप्रवासात मी कॅमेरा आणि लेन्स वेगळे ठेवतो. दोन्ही टोपणं लावलेली, हूड उलटा बसवलेला, कुलूप लावलेलं, आणि लेन्स सॅकमध्ये उभी, बुडाशी दोन बोटं जाड फोम. सॅक खाली ठेवताना पहिला धक्का बुडालाच बसतो. पोचल्यावर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे ठेवून जोडतो. एकदा जोडलं की घरी जाईपर्यंत काढत नाही. एसटीने जात असाल तर सॅक मांडीवर घ्या, वरच्या फळीवर नको, आणि शेवटचं बाक शक्यतो टाळा. चारचाकीत पुढच्या सीटच्या मागे खाली ठेवली की ब्रेक लागला तरी कुठे जात नाही. पण चैत्र-वैशाखात बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका.

फिल्टरचं लवकर आटपतो. तुमच्या लेन्सला ९५ मिलिमीटरचा लागतो, चांगला घ्यायचा तर महाग, आणि हलक्या प्रतीचा घेतला तर ६०० वर पिसांची बारकाई जाते. मी लावत नाही. हूड कायम लावतो. माझा हूड फुटला तेव्हा त्याने काच वाचवली, नवा हूड बसवला आणि काम संपलं. समुद्रावर खारा वारा असेल किंवा चिखल उडणार असेल तर गोष्ट वेगळी.

पाऊस हा तुमच्याकडचा मोठा विषय. कासला फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे ऐन भुरभुरीत आणि धुक्यात. या लेन्सला पाण्याविरुद्धचं रबर फक्त मागे माउंटपाशी आहे, झूमच्या नळीला तसं संरक्षण नाही. प्लास्टिकची पिशवी गुंडाळली तर आत घाम धरतो आणि झूम फिरवता येत नाही. मला उपाय सुचला तो पश्चिमेकडच्या भातलावणीतल्या इरल्यावरून. इरलं डोकं आणि पाठ झाकतं, पण खालून उघडं असतं, म्हणून दोन्ही हात चिखलात मोकळे चालतात. लेन्सलाही तसंच हवं. मी आमच्या शिंप्याकडून जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाची गवसणी शिवून घेतली. हूडच्या कडेला इलॅस्टिक, कॅमेऱ्यामागे नाडी, आणि खालची बाजू पूर्ण उघडी, तिथून डावा हात आत जाऊन पाय धरतो आणि झूम फिरवतो. शिवण नेमकी वर आली तर तिच्या भोकांतून पाणी झिरपतं, म्हणून दोन्ही शिवणी बाजूंना घ्यायला सांगा. झूम पूर्ण बाहेर काढून माप द्या, नाहीतर ६०० वर कापड ओढलं जातं. पहिल्या वेळी माझं असंच झालं आणि तीन बोटं कापड जोडावं लागलं.

गाडीत एसी लावून कासला जात असाल तर पोचल्याबरोबर सॅक उघडू नका. थंड काचेवर दमट हवा बसली की आत-बाहेर दव धरतं. चेन बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्या.

आणि बुरशी. तुमची लेन्स सेकंडहँड आहे, म्हणून आज रात्री एवढं करा: खोलीत अंधार करा, दोन्ही टोपणं काढा, मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धरा आणि पुढून आत बघा. धुळीचे दोन-चार कण दिसतीलच, त्याने काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी. लवकर साफ करून घेतली तर निघते, राहिली तर काचेवरचं कोटिंग खाते आणि डाग कायमचा राहतो. माझी जुनी ७०-३०० लेन्स मी चामडी पेटीत घालून कपाटात ठेवली होती, एका पावसाळ्यात गेली. चामडं आणि फोम ओल धरून ठेवतात, त्यामुळे सॅक ही फक्त प्रवासापुरती.

घरी ठेवायला ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं विजेवरचं कपाट, परवडत असेल तर उत्तम, पण घेताना लेन्स हूडसकट आत बसते का ते मोजून घ्या. मी धान्याचा रबरी कडेचा मोठा प्लास्टिक डबा वापरतो. आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ६० च्या वर बरेच दिवस राहिला तर बुरशीला बोलावणं गेलंच समजा, आणि ३० च्या खाली फार काळ नको, रबर आणि वंगण सुकतं. तांदूळ घालू नका, त्याची भुकटी उडते. डांबराच्या गोळ्याही नकोत. सिलिका जेल नारिंगी घ्या, ते ओल पिऊन हिरवं होतं. निळं घेतलंत तर ते गुलाबी होतं, पण त्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून ते सुकवायचं भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. आषाढ-श्रावणात माझं जेल दर दहा-बारा दिवसांनी बदलावं लागतं. आणि उघडीप मिळाली की लेन्स बाहेर काढतो, झूम चार वेळा आत-बाहेर करतो, खिडकीशी उजेडात तासभर ठेवतो आणि ऊन तापायच्या आत पुन्हा डब्यात घालतो.

टॉर्च लावून बघितल्यावर आत काय दिसलं ते इथेच लिहा. धागे असतील तर पट्टा आणि सॅकचं नंतर बघू, आधी ती साफ करायला द्या.