तबकड्या संगणकावर घेताना सॉफ्टवेअरच्या आधी सुईकडे पाहा

तुम्ही विचारले आहे की, घरात जपून ठेवलेल्या साठ-सत्तर तबकड्या तुम्हाला संगणकावर घ्यायच्या आहेत. त्यांत बहुतेक एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या) आहेत आणि थोड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या आहेत. टर्नटेबलची वायर लॅपटॉपच्या माइकच्या जागी जोडून तुम्ही दहा-बारा तबकड्या एमपी३ स्वरूपात उतरवूनही पाहिल्या, पण आवाज पातळ येतो, खरखर फार आहे आणि चढ्या स्वरांवर तो फाटतो. हे सगळे दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर कोणते, असा तुमचा प्रश्न आहे.

गेल्या काही वर्षांत मी माझ्या वडिलांच्या संग्रहातील तीनशेहून अधिक तबकड्या अशा उतरवल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की, तुम्ही लिहिलेल्या तीन दोषांपैकी एकही सॉफ्टवेअरवर सोपवण्यासारखा नाही. तिन्हींची कारणे वेगवेगळी आहेत आणि ती बहुतांशी संगणकाच्या अलीकडे, म्हणजे सुई, तबकडी आणि जोडणी यांत आहेत. तिथले काम नीट झाले, तर सॉफ्टवेअरला करायला फार थोडे उरते.

पातळ आवाजाचे कारण तुमच्या जोडणीतच दिसते. तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात आणि वरचे स्वर मुद्दाम उचललेले असतात. खर्ज आहे तसा कोरला, तर खाच दोन्ही बाजूंना इतकी झोके घेईल की तबकडीवर गाणी मावणार नाहीत आणि सुईही खाचेत टिकणार नाही. वरचे स्वर उचलले, की वाजवताना ते पुन्हा खाली आणता येतात आणि त्यांच्याबरोबर तबकडीची मूळ खरखरही दबते. वाजवताना ही क्रिया बरोबर उलटी करावी लागते. तिचे प्रमाण १९५४ पासून ‘आरआयएए’ या नावाने ठरलेले आहे आणि ते लहानसहान नाही : २० हर्ट्‌झच्या आसपास सुमारे २० डेसिबल वाढवायचे आणि २० किलोहर्ट्‌झच्या आसपास जवळजवळ तेवढेच कमी करायचे. हे काम फोनो प्रीअँप करतो. शिवाय नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या आणि तिच्या थरथरीचा विद्युतसंकेत करणाऱ्या डबीतून, निघणारा संकेत जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्टचा असतो. त्याला सुमारे शंभरपट मोठे करण्याचे कामही त्याच्याकडेच असते. तुम्ही तो टप्पा वगळून तबकडीचा कच्चा आवाज थेट माइकच्या जागी दिला, म्हणून खर्ज गायब झाला आणि वरचे स्वर कर्कश झाले.

तुमच्या टर्नटेबलच्या मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असे लिहिलेले बटण आहे का, ते पाहा. असेल, तर प्रीअँप आतच आहे. बटण ‘लाइन’वर ठेवा. नसेल, तर वेगळा फोनो प्रीअँप घ्यावा लागेल. टर्नटेबलमधला आणि बाहेरचा असे दोन्ही प्रीअँप चालू राहिले, तर खर्ज दुप्पट वाढून आवाज घुमू लागतो आणि फाटतो, हेही लक्षात ठेवा. लॅपटॉपची माइकची जागा मात्र या कामासाठी सोडूनच द्या. ती बहुधा मोनो असते, म्हणजे डावा आणि उजवा हे वेगळे आवाज तिथे एक होतात. आणि बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून संगणक त्या जागेवरच्या आवाजात स्वतःहून फेरफार करत असतो. लाइन इनपुट असलेला साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरचा आवाज संगणकाला देणारी छोटी पेटी, घ्या. टर्नटेबलमधून एक बारीक सुटी वायर येत असेल, तर ती अर्थिंगची असते. ती प्रीअँपच्या स्क्रूला जोडली नाही, तर सगळ्या रेकॉर्डिंगखाली एक सलग भुणभुण ऐकू येते.

आता सुई. या सगळ्या खटाटोपात मी सर्वांत जास्त महत्त्व तिला देतो. हिऱ्याच्या सुईचे आयुष्य साधारणपणे ५०० ते १००० तास धरतात. तुमची सुई किती तास चालली आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर काम सुरू करण्यापूर्वी ती बदला. झिजलेल्या सुईला धार येते आणि ती खाचेच्या भिंती खरवडत जाते; म्हणजे जी तबकडी जपण्यासाठी तुम्ही हा उद्योग करत आहात, तीच तो करताना खराब होते. सुईचा दाब कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात दिलेला असतो, बहुतेक ठिकाणी तो दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास असतो, आणि छोट्या डिजिटल काट्यावर तो मोजता येतो. तबकडी झिजेल या भीतीने दाब कमी ठेवण्याची अनेकांना सवय असते. ती चूक आहे. हलकी सुई चढ्या स्वरांवर खाचेत थरथरते, भिंतींवर आपटते आणि योग्य दाबाच्या सुईपेक्षा अधिक नुकसान करते.

एकदा एका तबकडीवर गायिकेचा प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ फुटत होता. तबकडी झिजली असे मी धरून चाललो होतो. दुसरी बाजू लावण्यापूर्वी सहज भिंगातून सुई पाहिली, तर तिच्या टोकाला करड्या धुळीचा एक लोकरीसारखा पुंजका चिकटलेला होता. बारीक ब्रशने मागून पुढे दोनदा झटकला आणि तीच बाजू पुन्हा लावली, तर ‘स’ स्वच्छ आला. तेव्हापासून प्रत्येक बाजूच्या आधी सुई झटकणे हा माझा नियम आहे, आणि तुम्हीही तो करावा असे मी आग्रहाने सांगेन.

तुमचा आवाज नेमका कशामुळे फाटतो, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. रेकॉर्डिंगची लहर पडद्यावर मोठी करून पाहा. लहरींची शिखरे कात्रीने कापल्यासारखी सपाट दिसत असतील, तर तुम्ही आवाजाची पातळी जास्त ठेवली आहे. शिखरे गोल आहेत पण प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात आवाज बिघडत जातो, असे असेल तर दोष सुईचा किंवा कार्ट्रिजच्या कोनाचा आहे. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला तीच जेमतेम २० सेंटिमीटर; तेवढ्याच वेळाचे संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले असते आणि तिथे सुईची परीक्षा होते.

खरखरीसाठी तबकडी धुवा. कोरडा कार्बन फायबर ब्रश वरची धूळ काढतो, पण खाचेत बसलेला मळ आणि बोटांचा तेलकटपणा त्याने जात नाही. डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब आणि मऊ ब्रश एवढे पुरते. ब्रश खाचेच्या दिशेनेच गोल फिरवावा, लेबल कोरडे ठेवावे, शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा धुवावे आणि तबकडी पूर्ण वाळू द्यावी. नळाचे पाणी नको, कारण ते वाळल्यावर त्यातील क्षार खाचेत राहतात. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण लावू नका; लाख त्यात विरघळते.

धुऊनही टिकटिक राहिली, तर घड्याळ लावून ऐका. एलपी एका फेरीला बरोबर १.८ सेकंद घेते. टिकटिक दर १.८ सेकंदांनी येत असेल, तर तो खाचांना आडवा गेलेला ओरखडा आहे आणि तो धुण्याने जाणार नाही. ती अनियमित असेल, तर बहुधा मळ शिल्लक आहे, पुन्हा धुवा.

रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. आवाजाची पातळी किती बारकाईने नोंदवायची, त्याचे माप म्हणजे बिट; २४ बिट निवडा. तबकडीचा स्वतःचा आवाका १६ बिटमध्ये आरामात मावतो हे खरे आहे, पण २४ बिटमुळे पातळी खाली ठेवण्याची मोकळीक मिळते : सर्वांत मोठा स्वर शून्याच्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या कमाल पातळीच्या, खाली ६ डेसिबलवर राहील असे ठेवा आणि त्यासाठी आधी त्या बाजूचा सर्वांत जोरकस भाग वाजवून पाहा. सॅम्पलिंग रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो आकडा) ४८ किलोहर्ट्‌झ ठेवलात तरी ऐकताना तुमचे काही बिघडणार नाही. मी ९६ ठेवतो, कारण टिकटिक काढताना तिची टोके अधिक स्पष्ट दिसतात. पण त्यात मिनिटाला सुमारे ३५ मेगाबाइट जागा जाते, म्हणजे वीस मिनिटांची एक बाजू ७०० मेगाबाइटच्या घरात पोचते. रेकॉर्डिंग चालू असताना स्पीकर बंद ठेवून हेडफोनवर ऐका, कारण स्पीकरचा आवाज तबकडी आणि सुईपर्यंत पोचतो आणि खर्जाची घरघर बनून परत रेकॉर्ड होतो. संपूर्ण बाजू एका फाइलमध्ये घ्या. सुई टेकल्यापासूनचे सुरुवातीचे शांत सेकंदही त्यात येऊ द्या.

इथे मी केलेली चूक सांगतो, कारण तुम्ही त्याच वाटेवर आहात असे मला दिसते. पहिल्या चाळीस तबकड्या मी उतरवल्या, त्यांवर नॉइज रिडक्शन (सलग खरखर दाबणारे साधन) भरपूर चालवले, एमपी३ केल्या आणि मूळ रेकॉर्डिंग जागा वाचवण्यासाठी पुसून टाकले. वर्षभराने चांगल्या हेडफोनवर ऐकले तेव्हा कळले की, गायकाने दोन ओळींच्या मध्ये घेतलेला श्वास गेलेला आहे, तारेचा झंकार विरत जाण्याऐवजी मध्येच बुडतो आणि शांत जागी पाण्याखालून आल्यासारखा एक गुळगुळीत आवाज ऐकू येतो. खरखर आणि झंकाराचे शेवटचे टोक हे एकाच पातळीवर असतात. यंत्र एकाला काढताना दुसऱ्यालाही नेते. त्या चाळीस तबकड्या मी पुन्हा उतरवल्या, पण त्यांतील एक तोवर तडकली होती, आणि तिची माझ्याकडे आज तीच बिघडलेली प्रत आहे.

म्हणून मूळ रेकॉर्डिंगला हात न लावता ते फ्लॅक या स्वरूपात जतन करा. फ्लॅकमध्ये फाइल लहान होते, पण आवाजातील एक कणही जात नाही. सगळी दुरुस्ती तिच्या प्रतीवर करा आणि फोनवर ऐकण्यासाठी हव्या तर त्या दुरुस्त प्रतीवरून एमपी३ बनवा. दुरुस्तीत मी २० हर्ट्‌झच्या खालची घरघर फिल्टरने काढतो आणि क्लिक रिमूव्हल (टिकटिक आपोआप काढणारे साधन) सौम्य ठेवून एकदा चालवतो. मग मोठ्या टिकटिकी एकेक करून हाताने मिटवतो. ऑडॅसिटीतील ‘रिपेअर’ हे साधन एका वेळी १२८ नमुन्यांपर्यंतचा तुकडा आजूबाजूच्या लहरीवरून भरून काढते. हे चिकाटीचे काम आहे, पण त्याने संगीताला धक्का लागत नाही. नॉइज रिडक्शन मी आता फार क्वचित वापरतो, तेही ६ डेसिबलच्या वर कधीच नाही.

तुमच्या एलपींपैकी काही मोनो असण्याची शक्यता आहे. तसे असल्यास त्या दोन्ही चॅनेलमध्ये रेकॉर्ड करा, टिकटिक काढा आणि मगच दोन्ही चॅनेल एकत्र करा. मोनो खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असते. मळ आणि झीज सुईला वर-खालीही हलवतात, आणि ती हालचाल दोन चॅनेलमध्ये एकमेकींच्या उलट उतरत असल्यामुळे ते एकत्र करताच तेवढा गोंगाट आपोआप कटतो. कोणत्याही फिल्टरपेक्षा हा उपाय मला अधिक प्रामाणिक वाटतो.

गाणी वेगळी करण्यासाठी ऑडॅसिटीत प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला नावाची खूण (लेबल) लावून ती एकदम वेगवेगळ्या फाइलींत एक्सपोर्ट करता येतात. नावांबरोबर तबकडीचा क्रमांक आणि तिच्या मधल्या कागदी लेबलाभोवतीच्या गुळगुळीत भागावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही लिहून ठेवा, कारण एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या पुढे त्यावरूनच ओळखता येतात. फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि शक्यतो वेगळ्या घरात ठेवा.

७८ फेऱ्यांच्या तबकड्या मात्र सध्या बाजूला ठेवा. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन असते आणि या तबकड्यांना सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. लहान सुई त्यांच्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन तिथला कचरा वाजवत राहते. वेगळी सुई आणि ७८ चा वेग असलेले टर्नटेबल मिळेपर्यंत त्या उभ्या, उन्हापासून दूर आणि एकमेकींवर भार न टाकता ठेवा. आणि ज्या दहा-बारा एलपी तुम्ही आधीच उतरवल्या आहेत, त्या फाइली दुरुस्त करत बसू नका : त्यांच्यात उजवा-डावा भेद आणि खर्ज बहुधा आलेलाच नाही. नवी सुई बसवून त्या पुन्हा पहिल्यापासून उतरवा.