उत्कृष्ट प्रबंधाचं बक्षीस: आम्ही एकदा चुकलो होतो

अर्थशास्त्राच्या चार वर्षांच्या ऑनर्सची तुमची पहिली तुकडी बाहेर पडते आहे आणि उत्तम प्रबंधाला निरोप समारंभात बक्षीस द्यायचं आहे, तर निवड कशी करावी, असं तुम्ही विचारलंत. मी अशा समितीवर बरीच वर्षं बसलोय, म्हणून आधी आमची चूक सांगतो.

एका वर्षी दोन प्रबंध शेवटपर्यंत टिकले. एका मुलाने चाळीस देशांच्या जीडीपीवर रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध मोजायचं संख्याशास्त्रीय तंत्र) चालवलं होतं. कोष्टकं देखणी, तारांकित, म्हणजे संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय, आकडे भरपूर. दुसरी मुलगी कांदा पिकवणाऱ्या घरातली. जवळच्या बाजार समितीत भाव बरा मिळत असताना वडील लांबच्या बाजारात गाडी का नेतात, एवढाच तिचा प्रश्न. गावात फिरून तिने दोनशेच्या वर हिशोबपट्ट्या गोळा केल्या आणि भाडं, हमाली, तोलाई वजा करून हातात काय पडतं ते मांडलं. उत्तर निघालं रोख चुकती: जवळचा व्यापारी पैसे पंधरा दिवसांनी द्यायचा. आम्ही बक्षीस दिलं रिग्रेशनला! नंतर चहा पिताना त्या मुलाला त्याच्या रिग्रेशनमधल्या फिक्स्ड इफेक्ट्सबद्दल (प्रत्येक देशाचं कायमचं वेगळेपण बाजूला काढायची पद्धत) सहज विचारलं, हे का घेतलेस? म्हणाला, सरांनी सांगितलं म्हणून.

तेव्हापासून माझं पहिलं मत प्रश्नाला. यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्यांनाच चौथ्या वर्षी संशोधनाची वाट मोकळी आहे, म्हणजे गुणांची चाळणी आधीच लागलेली असते. बारा क्रेडिटच्या या कामात पोराने स्वतःचं डोकं कुठे चालवलं, तेवढं बघा. त्यासाठी व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, हवीच. वीस मिनिटं, समोर प्रबंध नाही, फळा आणि खडू. बाहेरच्या कॉलेजातला एक तरी परीक्षक बोलवा, आणि ज्याचा विद्यार्थी शर्यतीत आहे त्या गाईडने मत देऊ नये. छोट्या विभागात हे अवघड जातं, रुसवेफुगवे होतात. होऊ द्या.

अंतिम यादीतल्यांकडून डेटा आणि कोडची फाईल मागून घ्या आणि कुणाला तरी ती चालवायला लावा. पीएलएफएस (रोजगाराची नियमित सरकारी पाहणी) किंवा घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीची मूळ आकडेवारी सांख्यिकी मंत्रालयाकडून फुकट मिळते, त्यामुळे पडताळणीला खर्च नाही.

'नवीन काहीच सापडलं नाही' किंवा 'जुन्याच अभ्यासाची पडताळणी आहे' म्हणून कुणाला बाद करू नका. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा 2010 चा सरकारी कर्जावरचा निबंध आठवा. कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ त्यात उणे 0.1 टक्का निघाली होती. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने वर्गातला गृहपाठ म्हणून तेच गणित पुन्हा करायला घेतलं, तर एक्सेलच्या सूत्रात पाच देश सुटलेले! ती चूक, वगळलेली वर्षं आणि सरासरी काढायची पद्धत दुरुस्त केल्यावर 2013 मध्ये त्याने आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी दाखवलेला आकडा होता 2.2 टक्के. तो पीएचडीचा विद्यार्थी होता हे खरं, पण एक्सेल आपल्या पोरांनाही येतं.

आता द्यायचं काय. शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्ह ठीक आहे, पालकांना फोटो हवा असतो. पण प्रमुख पाहुण्यांच्या भाषणातली दहा मिनिटं कापून त्या विद्यार्थ्याला द्या. त्याने आपलं काम आजीलाही कळेल अशा मराठीत सांगावं. मानपत्रात 'उल्लेखनीय कामगिरीबद्दल' असलं काही नको. याने नेमकं काय शोधलं, ते तीन वाक्यांत लिहा. ती तीन वाक्यं समितीला जमत नसतील, तर निवड पुन्हा तपासा.

आणि प्रबंधाची पीडीएफ ग्रंथालयात ठेवा, पुढच्या तुकडीला वाचता येईल अशी. त्या कांदेवाल्या मुलीचा प्रबंध मी परवा विभागात शोधत होतो. कपाट रंगवायला काढलं तेव्हा रद्दीत गेला म्हणे.