दुपारीच बिघडणारा मॉनिटर : पॅनल बदलायच्या आधी हे करून पाहा

ताई, तुमचं सगळं वाचलं. घरी अकाउंटचं काम, असेंबल्ड पीसी, जुनं ग्राफिक कार्ड, त्याला एचडीएमआयनं २४ इंची मॉनिटर, सकाळी एकदम ठीक अन् दुपार झाली की पांढरे-रंगीत ठिपके चमकून राहिले, मधूनच स्क्रीन दोन सेकंद काळी होते आणि आपोआप परत येते. दुकानवाले म्हणतात पॅनल (मॉनिटरचा चित्र दाखवणारा पडदा) गेलं, मुलगा म्हणतो कार्ड गेलं. माझं म्हणणं असं की दोघांनीही काही तपासलेलं दिसत नाही, त्यामुळे आत्ता एक रुपयाही खर्च करू नका. चित्र कार्डात बनते, केबलमधून जाते आणि मॉनिटरवर दिसते, यातल्या कोणत्या ठिकाणी ते खराब होऊन राहिलं एवढं आधी कळलं पाहिजे, आणि ते घरबसल्या फुकटात कळते.

ठिपके येत असतानाच मॉनिटरचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडा, ब्राइटनेस-काँट्रास्टवाला. तो मेनू मॉनिटरच्या आतलं सर्किट काढते, पीसीचा त्याच्याशी काही संबंध नाही. मागचं चित्र खराब पण मेनू स्वच्छ असेल तर पॅनल बहुतेक ठणठणीत आहे. मेनूही थरथरत असेल, त्याच्यावरूनही रेघा जात असतील, तर मग दोष मॉनिटरमध्येच. दुसरं म्हणजे त्याच वेळी स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून पाहा, त्याच मॉनिटरवर पाहून काही उपयोग नाही. स्क्रीनशॉटमध्ये ठिपके आले तर चित्र कार्डातच बिघडलेलं आहे, म्हणजे ड्रायव्हर (विंडोजमधलं कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा कार्डाची मेमरी. स्क्रीनशॉट स्वच्छ आला तर बिघाड त्याच्या पुढे कुठंतरी, कार्डाचं आउटपुट, केबल नाहीतर मॉनिटर.

आता तुम्ही जे सांगितलं त्यावरून माझा संशय केबल आणि वायरिंगवर आहे, आणि हे असंच हवेत बोलत नाही. जुन्या व्हीजीए केबलवर सिग्नल खराब झाला की सावली दिसायची, चित्र लाटांसारखं हलायचं, एक पिन वाकली तर लाल किंवा निळा रंगच गायब. एचडीएमआय डिजिटल आहे, तिथं असं हळूहळू काही बिघडत नाही, थोड्या चुका झाल्या की ठिपके चमकतात आणि जास्त झाल्या की मॉनिटरला सिग्नलच समजत नाही, तो काळा होतो आणि पुन्हा पकडतो. तुमची लक्षणं अगदी हीच आहेत. तपासायचं असेल तर विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र नव्यानं येते तो आकडा) ६०चा ३० हर्ट्झ करा (पर्याय दिसत असेल तर). केबलवरचा भार अर्धा होतो. माउस अडखळल्यासारखा वाटेल, वाटू द्या, पण ठिपके बंद झाले तर केबल किंवा पोर्ट काठावर चालून राहिलं हे समजायचं. नुसतं रिझोल्यूशन कमी करून भागत नाही, कारण कधी कधी कार्ड ते आतल्या आत मोठं करून मॉनिटरला फुल एचडीच पाठवते, त्याच अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये अॅक्टिव्ह सिग्नल काय लिहिलं ते वाचायचं.

आणि दुपारच का? तुम्ही लिहिलं नाही, पण नागपुरात मे महिना आहे म्हणजे खिडकीत कूलर असणारच, आणि बहुतेक घरी त्याची वायर पीसीच्याच एक्स्टेंशन बोर्डात असते. पंख्याची आणि पंपाची मोटर चालू-बंद होताना लाइनमध्ये झटका सोडते आणि कमजोर केबल तो पकडते. एक दुपार कूलर दुसऱ्या खोलीच्या सॉकेटवर लावून पाहा (उकडलं तर पंख्यावर भागवा, तासाभराचा प्रश्न आहे). हे करताना अर्थिंगही पाहून घ्या. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही, किंवा नावापुरतं आहे, कारण अर्थ नसला की पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज येऊन बसते. करंट अगदी थोडा असतो, पण पीसी एका सॉकेटवर आणि मॉनिटर दुसऱ्यावर असेल तर तोच एचडीएमआय केबलच्या शील्डमधून, म्हणजे आतल्या तारांभोवतीच्या धातूच्या आवरणातून, वाट काढते. अशा वेळी चालू मशीनची केबल काढघाल करू नका, पोर्ट जाते. इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग नीट करून घ्या आणि दोन्ही एकाच थ्री-पिन बोर्डावर लावा. स्टॅबिलायझर कोणी गळ्यात मारेल तर घेऊ नका, मॉनिटरचा सप्लाय साधारण १०० ते २४० व्होल्टवर आरामात चालते.

मुलाचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नाही. बाहेर ४५ डिग्री असताना कॅबिनेटमध्ये धूळ बसली असेल तर कार्ड तापते आणि चौकटीचौकटीचे डाग, वेडेवाकडे त्रिकोण असं काहीतरी येते, पण ते गेम किंवा व्हिडिओ चालू असताना जास्त, टॅलीमध्ये नाही. तरी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी हे चार बटण एकदम दाबा, ग्राफिक ड्रायव्हर रिस्टार्ट होते, तेवढ्यानं डाग गेले तर ड्रायव्हर पाहायचा. बायोसच्या (पीसी चालू होताना विंडोजच्या आधी येते त्या) स्क्रीनवरही तेच डाग असतील तर ड्रायव्हर निर्दोष आहे. मदरबोर्डच्या एचडीएमआय पोर्टवर चित्र येत असेल तर कार्ड बाजूला ठेवून तिथं लावून पाहा, मात्र मदरबोर्डवरचं ते ग्राफिक पीसीची रॅमच वापरते, तेव्हा तिथं डाग आले तर रॅम काढून तिचे काँटॅक्ट खोडरबरनं पुसून परत घट्ट बसवायची.

पॅनल गेल्याची खूण वेगळी असते. एकच उभी रेघ, कायम त्याच जागी, सकाळी पण, दुपारी पण, केबल काढल्यावर नो सिग्नल येते त्याच्यावरही. पॅनलच्या काठाशी चिकटवलेली पातळ रिबन केबल सुटलेली असते, आणि त्याच्या दुरुस्तीत पडण्यापेक्षा नवीन मॉनिटर घेतलेला बरा. मेनूही लुकलुकत असेल तर मात्र पॉवर बोर्डचे फुगलेले कपॅसिटर असू शकतात, ते थोडक्यात बदलून मिळतात, पण मागचं झाकण स्वतः उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज असते आणि प्लग काढल्यावरही तो लगेच जात नाही.

केबल घ्यायची झाली तर सीताबर्डीच्या बाजारात मोदी नंबर म्हणतात त्या गल्ल्यांमध्ये मिळून जाईल, दीड मीटरची घ्या, पाच मीटरची घेऊन गुंडाळी टेबलामागं ठेवू नका, आणि सोन्याच्या मुलाम्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. तरीही मॉनिटर दुकानात न्यायचा ठरलं तर तुमची जुनी केबलही सोबत न्या, आणि आधी त्यांच्या केबलवर, मग तुमच्या केबलवर, असं दोन्हीकडून समोर उभं राहून चालवायला लावा.