'स्टेट पेन्शन'ला 'राज्य निवृत्तिवेतन' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: "माझे मामा लंडनमध्ये बसचालक होते. २०१६च्या मे महिन्यात त्यांना ब्रिटनची 'स्टेट पेन्शन' पूर्ण दराने सुरू झाली आणि त्याच वर्षी ते नाशिकला परतले. हे पैसे कुठून येतात ते बँकेने मराठीत लिहून मागितलं. मी लिहिलं, 'त्यांना राज्य निवृत्तिवेतन मिळते. ते २०१६पासून गोठवलेले आहे.' काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, ही श्रावणबाळ योजना का? आणि गोठवलंय, तर पैसे जमा कसे होतात? माझे शब्द चुकले का?"

बाईंचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तुम्ही शब्दाला शब्द बरोबर ठेवलात, पण ते दोन्ही शब्द आपल्याकडे आधीच दुसऱ्या कामाला लागलेले आहेत.

'राज्य'चंच बघा. मराठी माणसाला कागदावर 'राज्य' दिसलं की डोळ्यांपुढे महाराष्ट्र शासन येतं. केंद्र वेगळं, राज्य वेगळं. इंग्रजीतला 'स्टेट' इथे देशाची शासनसंस्था या अर्थाने आहे, घटक राज्य या अर्थाने नाही. त्यात 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना' हे आपल्या एका योजनेचं पूर्ण नावच आहे. पासष्टी ओलांडलेल्या निराधार, गरीब वृद्धांना तिच्यातून दरमहा मदत मिळते. बाईंना ती आठवली यात नवल नाही.

मग 'सरकारी पेन्शन' म्हणावं का? तेही नको. आपल्याकडे सरकारी पेन्शन म्हणजे सरकारी नोकरीची पेन्शन. तसं लिहिलंत तर मामा ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते असं वाचलं जाईल. हा नुसता शब्दांचा कीस नाही. एकाच उत्पन्नावर दोन्ही देशांत कर लागू नये म्हणून भारत आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या करारात सरकारी सेवेच्या पेन्शनचा विचार इतर पेन्शनपेक्षा वेगळा केला आहे. चुकीचं विशेषण करसल्लागाराच्या टेबलापर्यंत गेलं तर हिशेबही चुकू शकतो.

'निवृत्तिवेतन' हा शब्द मला आवडतो. (समासात 'ति' ऱ्हस्व हवी, योजनेच्या नावात ती दीर्घ छापतात, म्हणून वर तशीच ठेवली आहे.) पण त्यात निवृत्ती गृहीत आहे, म्हणजे आधी नोकरी, मग तिच्यातून बाहेर पडणं. माझ्या आत्याचा वृद्धापकाळ योजनेचा अर्ज मी भरत होतो, तेव्हा वरचं 'निवृत्तिवेतन' वाचून तिने विचारलं होतं, "मी कशातनं निवृत्त झाले रे?" जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केलेल्या बाईचा प्रश्न होता तो. हातातलं खुरपं तेव्हाही सुटलं नव्हतं. तिच्या पैशाला 'निवृत्तिवेतन' म्हणणं मला आजही खटकतं.

ब्रिटनच्या स्टेट पेन्शनलाही हा शब्द नीट बसत नाही. १ जानेवारी १९०९ रोजी ती पहिल्यांदा दिली गेली, तेव्हा सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग मिळत. आज ती ठरावीक वय झालं की मिळते. नोकरी चालू असली तरी घेता येते. मात्र ती मदत किंवा अनुदान नाही. पगारातून 'नॅशनल इन्शुरन्स'ची (राष्ट्रीय विम्याची) वर्गणी जाते, ती किती वर्षं भरली त्यावर पेन्शन ठरते. एप्रिल २०१६पासूनच्या नव्या पद्धतीत किमान १० वर्षं भरली तर काही मिळते, पूर्ण दरासाठी साधारण ३५ लागतात. म्हणून 'वृद्धापकाळ पेन्शन' हा शब्दही मी सुचवणार नाही. कानाला तो गोड आहे, पण आपल्याकडे त्याला निराधार योजनेचा वास आहे, आणि तुमच्या मामांनी तर आठवड्या-आठवड्याला वर्गणी भरली आहे.

आता 'गोठवणे'. हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. खातं गोठवलं म्हणजे व्यवहार बंद. पण २०२० साली केंद्राने महागाई भत्ता गोठवला, तेव्हा भत्ता बंद झाला नव्हता, फक्त नवी वाढ थांबली होती. क्रियापद एकच, अर्थ दोन. मामांच्या बाबतीत दुसरा अर्थ आहे. पेन्शनधारक भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत राहायला गेला की ब्रिटन दरवर्षीची वाढ देत नाही. अमेरिकेत किंवा फिलिपिन्समध्ये राहिला तर देतं. २०१६ साली पूर्ण दर आठवड्याला १५५.६५ पौंड होता, २०२५-२६ मध्ये तो २३०.२५ झाला. मामांच्या खात्यावर मात्र अजूनही १५५.६५च्याच हिशेबाने पैसे येतात. दर आठवड्याला जवळपास ७५ पौंडांचा फरक, आणि तो फक्त पत्ता नाशिकचा आहे म्हणून! तेव्हा 'पेन्शन गोठवली' न लिहिता 'पेन्शनवाढ गोठवली' लिहा. एका 'वाढ'ने बाईंचा दुसरा प्रश्न सुटतो, आणि मामांवर झालेला अन्यायही नेमका शब्दांत येतो.

तुम्ही पत्रात 'मामा या पेन्शनला पात्र आहेत' असंही लिहिलं आहे. तिथे 'हक्कदार' लिहा. पात्र कोण ते दुसरा ठरवतो. शासकीय मराठीतला 'अनुज्ञेय'ही त्याच घरचा, त्यातही कुणीतरी अनुज्ञा देतो. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाला इंग्रजांनी वर्षाला आठ लाखांचा तनखा दिला आणि १८५१ मध्ये बाजीराव वारल्यावर त्याचे दत्तकपुत्र नानासाहेब यांना नाकारला. तनखा देणाऱ्याच्या मर्जीवर असतो तो असा. डी. एस. नकारा या निवृत्त सरकारी अधिकाऱ्याच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी बजावलं की पेन्शन ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात. ब्रिटनच्या पेन्शनवाढीबाबत मात्र परदेशी राहणाऱ्यांनी स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात मागितलेली दाद २०१० साली फेटाळली गेली. म्हणून 'हक्कदार' हा शब्द पेन्शनला लावा. वाढीला आज तो लावता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि 'पेन्शन' हा शब्द खुशाल वापरा. 'पेन्शनीत निघणे' म्हणणाऱ्या भाषेने त्याला केव्हाच स्त्रीलिंगी करून घरात घेतलं आहे. 'पेन्शनात निघाले' असं कुणी म्हणत नाही. 'स्टेट पेन्शन' हे नाव देवनागरीत तसंच ठेवा आणि पुढे खुलासा जोडा. मी असं लिहिलं असतं:

"माझे मामा ब्रिटनच्या 'स्टेट पेन्शन'चे (तेथील राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीवर मिळणाऱ्या पेन्शनचे) हक्कदार आहेत. ती नियमित जमा होते. ते भारतात राहत असल्यामुळे २०१६पासून तिची वार्षिक वाढ ब्रिटनने गोठवलेली आहे."