ठाण्याच्या कंट्रोल रूममधून न्यूझीलंडच्या सरकारी खात्यात यायचं असेल तर

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही खारेगावला राहता, महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात कंत्राटी पदावर बरीच वर्षं काढलीत, मिसेस ऐरोलीला आयटीत आहेत, मुलगी चौथीत आहे. न्यूझीलंडमध्ये सरकारी खात्यात इमर्जन्सी मॅनेजमेंट किंवा बिझनेस कंटिन्युइटीची नोकरी मिळेल का, काम नेमकं काय असतं आणि आपल्याकडचा अनुभव इथे धरतात का, असं विचारलंय. मी मूळची ऐरोलीची, आधी महापेला एका डेटा सेंटरमध्ये बीसीपी म्हणजे बिझनेस कंटिन्युइटी प्लॅनिंग बघायचे, आता वेलिंग्टनला एका खात्यात हेच काम करते. खात्याचं नाव लिहीत नाही, बाकी मोकळेपणाने सांगते.

सगळ्यात आधी कामाबद्दल, कारण इथेच आपल्याकडच्या लोकांचा गोंधळ होतो. तुमचं आजवरचं काम म्हणजे फोन वाजला, झाड पडलं, स्लॅब कोसळला, खाडीचं पाणी वर आलं, की टीडीआरएफ (ठाण्याचं आपत्ती प्रतिसाद दल) आणि फायर ब्रिगेडला कळवायचं, वॉर्ड ऑफिसला उठवायचं, पहाटेपर्यंत उभं राहायचं. इथल्या सरकारी खात्यातल्या कंटिन्युइटीच्या माणसाला यातलं जवळपास काहीच करायचं नसतं. त्याचा प्रश्न एकच, उद्या बिल्डिंग बंद, सिस्टीम बंद किंवा निम्मी माणसं गैरहजर असली तर या खात्याचं जनतेसाठीचं काम कसं चालू राहणार. इथे २००२ चा सिव्हिल डिफेन्स इमर्जन्सी मॅनेजमेंट अ‍ॅक्ट आहे आणि त्याच्या कलम ५८ मध्ये प्रत्येक खात्यावर जबाबदारी टाकलीय की आपत्तीत आणि आपत्तीनंतरही, कमी प्रमाणात का होईना, पण जमेल तेवढं जास्तीत जास्त काम चालू ठेवता आलं पाहिजे. माझी नोकरी त्या एका वाक्यावर उभी आहे.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, चौथ्या मजल्यावरून वर चढत गेली, पाच जणांचा जीव गेला. आग विझवणं आणि माणसं बाहेर काढणं हा एक भाग झाला. पण दुसऱ्या दिवशी ज्यांची फाईल त्या मजल्यावर होती त्यांचं काय, कुठली खाती कुठे बसणार, सह्या कोण करणार, जळालेला कागद परत कुठून उभा करायचा, हे सगळं नंतर महिनोन् महिने चाललं. तो दुसरा भाग म्हणजे इथलं माझं काम, फक्त ते आग लागायच्या आधी करायचं असतं.

वेलिंग्टनमध्ये हे सगळ्यांना पटलं ते १४ नोव्हेंबर २०१६ नंतर. कायकोउराचा ७.८ चा भूकंप रात्री बारा वाजून दोन मिनिटांनी झाला. बंदराजवळच्या स्टॅटिस्टिक्स हाऊस नावाच्या बिल्डिंगमध्ये मजल्यांचे काही भाग खाली आले, आणि ती काही जुनीपुराणी बिल्डिंग नव्हती, तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांची होती. रात्र होती म्हणून आत कोणी नव्हतं. आकडेवारी गोळा करणाऱ्या खात्याची माणसं एका रात्रीत ऑफिसशिवाय झाली आणि जीडीपीचे आकडेसुद्धा उशिरा आले. भूकंपानंतर इंजिनिअरने तपासल्याशिवाय बिल्डिंगमध्ये कोणालाच सोडत नाहीत, साहेबांनाही नाही. म्हणून आमच्याकडे साधा नियम आहे, लॅपटॉप रोज संध्याकाळी घरी न्यायचा, ड्रॉवरमध्ये ठेवायचा नाही. असले साधे नियम लोकांच्या अंगवळणी पाडायचे, यात माझा जितका वेळ जातो तितका कुठलाही प्लॅन लिहिण्यात जात नाही.

आता रोजचं काम जरा जवळून दाखवते. बीआयए म्हणजे बिझनेस इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिस, हा या कामाचा कणा. मी एकेका टीमच्या मॅनेजरबरोबर तासभर बसते आणि विचारते, तुमचं हे काम बंद पडलं तर किती वेळ चालेल? पहिलं उत्तर जवळपास नेहमी एकच, अजिबात चालणार नाही. मग खोदत जायचं. समजा लोकांच्या खात्यात दर आठवड्याला पैसे जातात. पेमेंटची फाईल बँकेकडे कधी जाते? मंगळवारी दुपारी. मग बुधवारी सकाळी सिस्टीम बसली तर? तेव्हा पुढच्या मंगळवारपर्यंत वेळ आहे. आणि मंगळवारी सकाळीच बसली तर? मग काही तासच. फाईल पाठवायला मंजुरी कोण देतं? दोघंजण. दोघंही एकाच बिल्डिंगमध्ये, एकाच मजल्यावर? हो. बँकेतल्या माणसाचा नंबर कुठे आहे? शेअर्ड ड्राइव्हवर. ड्राइव्हच बंद असेल तर? इथे समोरचा गप्प होतो, आणि खरं काम तिथून सुरू होतं. नंबर कागदावर, कागद दोघांच्या घरी, तिसऱ्या माणसाला दुसऱ्या शहरात मंजुरीचा अधिकार, आणि वर्षातून एकदा त्या तिसऱ्या माणसाकडून खरोखर फाईल पाठवून बघायची. आरटीओ (बंद पडलेलं काम किती वेळात परत सुरू व्हायला हवं), आरपीओ (किती वेळाचा डेटा गेला तर चालेल) हे शब्द ऐकले असतीलच, कंटिन्युइटीचं आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे आयएसओ २२३०१, पण तो आकडा असा प्रश्न विचारत विचारत काढावा लागतो, टेम्प्लेटमध्ये भरून टाकला तर त्याला काही अर्थ नाही.

माझ्या आधीच्या कामातली एक गोष्ट इथे इंटरव्ह्यूला सांगितली होती, ती तुमच्याही उपयोगाची आहे कारण ती तुमच्याच दारात घडली. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी कळवा-पडघा लाईनवरच्या बिघाडातून अख्खी मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. आमचं डेटा सेंटर डीजीवर म्हणजे डिझेल जनरेटरवर व्यवस्थित चालू होतं, डिझेल होतं, सगळं कागदावर होतं तसं. पण कोविडमुळे काम करणारी माणसं ठाण्यात, मुलुंडला, ऐरोलीला घरी बसलेली, त्यांच्याकडे लाईट नाही, वायफाय नाही आणि काही वेळाने मोबाईलची रेंजही जायला लागली. मशीन चालू आणि माणसं बंद. कंटिन्युइटी म्हणजे माणसं, हे मला त्या दिवसाने शिकवलं, आणि पॅनेलनेही सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले.

तुमचा अनुभव धरतात का? हो, धरतात, पण तुम्ही तो कसा मांडता त्यावर आहे. सीव्हीमध्ये अमुक पुरात इतक्या लोकांना हलवलं असं लिहिलंत तर वाचणारा आदराने वाचेल आणि बाजूला ठेवेल. त्याऐवजी निर्णय लिहा. माहिती अर्धवट असताना कुठली बिल्डिंग आधी रिकामी केली आणि का, पावसाचा इशारा आणि भरतीची वेळ एकत्र बघून रात्रीची ड्युटी कशी लावली, महावितरण, रेल्वे, पोलीस आणि वॉर्ड ऑफिस यांच्यात निरोप कुठे अडकत होता आणि तुम्ही तो कसा मोकळा केला. एमआयडीसी पट्ट्यातल्या कारखान्यांबरोबर मॉक ड्रिल केलं असेल तर ते ठळक लिहा, कारण एक्सरसाईज डिझाईन करता येणारी माणसं इथे हवी असतात.

एनडीएमएची म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची आयआरएस (इन्सिडन्ट रिस्पॉन्स सिस्टीम, आपत्तीत कोणी काय करायचं त्याची रचना) तुम्ही शिकला असालच, २०१० च्या गाईडलाईन्स. इथे तिच्या जागी सीआयएमएस म्हणजे कोऑर्डिनेटेड इन्सिडन्ट मॅनेजमेंट सिस्टीम आहे. दोन्हीचं मूळ अमेरिकन आयसीएस (इन्सिडन्ट कमांड सिस्टीम), त्यामुळे ऑपरेशन्स, प्लॅनिंग, लॉजिस्टिक्स ओळखीचं वाटेल. वेगळं वाटेल ते हे की वेलफेअर, इंटेलिजन्स, पब्लिक इन्फर्मेशन ही स्वतंत्र फंक्शन्स आहेत, आणि आपल्याकडे जिल्ह्यात कलेक्टर म्हणजे शेवटचा शब्द, तसं इथे नाही. धोका कुठला त्यावर लीड एजन्सी म्हणजे सूत्रं कोणाकडे ते ठरतं, साथ आली तर आरोग्य खातं, दहशतवादी हल्ला झाला तर पोलीस, भूकंप-त्सुनामीला नेमा म्हणजे नॅशनल इमर्जन्सी मॅनेजमेंट एजन्सी, जी डिसेंबर २०१९ पासून आहे. सीआयएमएसची पुस्तिका फुकट डाऊनलोड होते, इंटरव्ह्यूआधी दोनदा वाचा.

आणखी एका फरकासाठी मनाची तयारी करून या. घटनेनंतर डीब्रीफ होतो आणि त्यात ज्युनिअर माणूससुद्धा साहेबांसमोर सांगतो की तुमचा निर्णय उशिरा आला. कोणी रागावत नाही. तो रिपोर्ट उद्या कोणीही नागरिक मागू शकतो, आपल्या माहिती अधिकारासारखा कायदा इथे १९८२ पासून आहे. फेब्रुवारी २०२३ च्या गॅब्रिएल चक्रीवादळानंतर सरकारी चौकशी झाली, एप्रिल २०२४ मध्ये अहवाल आला आणि इमर्जन्सी मॅनेजमेंटची व्यवस्था कमी पडली हे त्यात स्पष्ट लिहिलंय. तो अहवाल वाचलात तर इथे काय कमी आहे आणि तुमच्यासारख्या प्रत्यक्ष पूर बघितलेल्या माणसाची गरज का आहे ते कळेल. लोकांची ताकद इथेही तीच आहे, कायकोउराला रस्ते बंद झाले तेव्हा ताकाहांगा मराएने (मराए म्हणजे माओरी समाजाचं एकत्र जमायचं ठिकाण) अडकलेल्या लोकांना दिवसेंदिवस जेवू घातलं. आपल्या मंडळांच्या कार्यकर्त्यांबरोबर तुम्ही काम केलंय, ते जरूर सांगा, माओरी समाजाबरोबर काम करताना ऐकून घ्यायची तीच सवय कामी येते.

आता नोकरीचं वास्तव. २०२४ मध्ये खर्च कपातीत वेलिंग्टनमधली बरीच सरकारी पदं गेली, आणि बाजारात इथलीच अनुभवी माणसं आहेत. थेट ठाण्यातून अर्ज करून खात्यात पर्मनंट जागा मिळेल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. वर्क व्हिसाला मान्यताप्राप्त एम्प्लॉयरची ऑफर लागते. काही पदांना सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो आणि त्यासाठी तुमची मागची बरीच वर्षं त्यांना तपासता आली पाहिजेत, नवीन आलेल्याला तिथे अडतं, जाहिरातीत हे आधी बघा. फक्त खात्यांच्या मागे लागू नका. वीज, पाणी, बंदर, विमानतळ, टेलिकॉम यांना त्याच कायद्याच्या कलम ६० ने कंटिन्युइटी सक्तीची आहे, शिवाय रीजनल काउन्सिल्स आहेत, ऑकलंड आहे. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, ते इमिग्रेशनच्या साईटवरच बघा, एजंटच्या तोंडून ऐकू नका आणि एजंटला पैसे तर मुळीच देऊ नका.

माझं स्पष्ट मत विचाराल तर आत्ता लगेच निघू नका. आधी वर्ष-दीड वर्ष नवी मुंबईतच कंटिन्युइटीची नोकरी करा. ऐरोली, रबाळे, महापे इथे डेटा सेंटर्स आहेत, बँकांची बॅक ऑफिसेस आहेत, आता विमानतळही आहे, आणि बँकांना तर रिझर्व्ह बँकेमुळे बीसीपी टाळताच येत नाही. तिथे दोन-चार बीआयए स्वतःच्या हाताने करा, एक एक्सरसाईज चालवा, बीसीआय म्हणजे बिझनेस कंटिन्युइटी इन्स्टिट्यूटची सीबीसीआय ही सर्टिफिकेट परीक्षा द्या. रिस्पॉन्सचा तुमचा अनुभव आणि वर हे, असं दोन्ही असलेली माणसं इथेही कमी आहेत. घरात पैसे असतील तर मॅसी युनिव्हर्सिटीचा इमर्जन्सी मॅनेजमेंटचा कोर्स हा दुसरा रस्ता, पण मुलगी शाळेत असताना फी आणि वेलिंग्टनचं भाडं दोन्ही झेपेल का, ते मिसेसबरोबर बसून नीट मांडा.

घरचा विषय प्रश्नात एका ओळीत होता, पण मला तो सगळ्यात मोठा वाटतो. या कामात ड्युटी ऑफिसरची पाळी असते. मोठा हादरा बसला तर तुम्ही कामाला लागणार आणि त्याच वेळी मुलगी शाळेत असणार. ठाण्यात शेजारच्या काकू तिला घेऊन येतील, इथे शाळेच्या यादीत ज्याचं नाव आहे त्याच्याच हातात मूल देतात. तेव्हा आल्याआल्या दोन विश्वासाची घरं शोधायची आणि त्यांची नावं शाळेत द्यायची. वेलिंग्टनमध्ये घरात पाणी साठवायला सांगतात, माणशी रोज २० लिटर आणि तेही सात दिवसांचं, ठाण्याला पाणी पुरवणाऱ्या स्टेमच्या शटडाऊनला ड्रम भरून ठेवणाऱ्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. समुद्राजवळच्या काही रस्त्यांवर निळे पट्टे दिसतील, त्सुनामीत त्यांच्या वरच्या बाजूला जायचं. घर बघताना मी तो पट्टा आधी बघितला आणि भाडं नंतर.

आणि खारेगावला आईवडील राहणार असतील तर त्यांच्यासाठीही हेच करून या. जुलैत आपल्याकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात तेव्हा इथे सकाळचे साडेआठ, पाणी वर चढतंय हे तुम्हाला ऑफिसला जाताना कळेल आणि तुम्ही काही करू शकणार नाही. औषधं, कागदपत्रं, वरच्या मजल्यावरचं कोणाचं घर, कोण फोन करणार, हे सगळं निघायच्या आधी ठरलेलं असू द्या.

एक शेवटचं, इंटरव्ह्यू व्हिडिओवर असतो आणि ते सहसा त्यांच्या सकाळची वेळ देतात, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते. त्यांच्या दुपारी तीनची वेळ मागा, इथल्या उन्हाळ्यात ती आपल्या सकाळी साडेसातला येते. मागितल्याचं कोणाला वाईट वाटत नाही. सीआयएमएस वाचताना किंवा सीव्ही लिहिताना कुठे अडलात तर विचारा, मी उत्तर देईन.