देणं बाहत्तर तासांचं

प्रिय ताई,

सलाम. मी नगरची. वय २१. बी.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदवी) यंदाच झालं. पप्पा आमच्या मंडळीचे (चर्चचे) सेक्रेटरी आहेत, आई हॉस्पिटलात सिस्टर (नर्स) आहे. जर्मनीत वर्षभराच्या स्वयंसेवेसाठी मी अर्ज केला होता. काम वृद्धाश्रमात असतं. पुढे तिथेच मास्टर्स करायचा विचार आहे. मंडळीत सगळे म्हणतात, ही देवाची योजना आहे. मला मात्र काहीच जाणवत नाही. उपासनेत गीतं तोंडपाठ म्हणते, तरुण संघात प्रार्थना चालवते, पण आतून सगळं कोरडं. वाटतं, तिकडे गेल्यावर तरी विश्वास खरा होईल, आपलं पाचारण काय ते कळेल. शेवटी बायबलातल्या गिदोनाने देवाकडे खूण मागायला टाकली तशी लोकर टाकली : १५ तारखेच्या शनिवारपर्यंत होकार आला तर जायचं. होकार आला, पण सोमवारी, १७ ला. मग ही देवाची इच्छा समजायची की नाही? पप्पा जा म्हणतात, आई गप्प आहे. अर्जात अनुभव म्हणून आमच्याच मंडळीच्या वृद्धाश्रमातली सहा आठवड्यांची इंटर्नशिप लिहिली आहे. (तशी चारच आठवडे झाली, मग जर्मनच्या बॅचची वेळ बदलली. आश्रमाच्या मॅडमनी सर्टिफिकेट पूर्ण दिलं. तिथल्या एक आजी रोज निघताना ‘उद्या येशील ना?’ विचारायच्या, त्यांची अधूनमधून आठवण येते.) मी काय करू?

– दिशाहीन, नगर

सलाम गं.

आधी कंसातलं बोलू. बाकीचं पत्र तू तरुण संघात उभी राहून वाचून दाखवशील, कंसातलं नाही वाचणार. म्हणूनच ते कंसात गेलं. ‘उद्या येशील ना?’ या प्रश्नाला तू चार आठवडे रोज ‘हो आजी’ म्हणाली असशील. शेवटच्या दिवशीही तेच म्हणालीस आणि नंतर गेली नाहीस. सांगायलासुद्धा नाही. सांगून आली असतीस तर ते पत्रात कंसाबाहेर लिहिलं असतंस.

आणि सही कोणती, तर दिशाहीन. शेअर रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर दिशा आहे तुझी.

लोकरीचं लवकर आटपू. गिदोनाला काय करायचं ते आधीच स्पष्ट सांगितलेलं होतं. बायबलात शास्त्यांच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नीट बघ. लोकर त्याने दिशा कळावी म्हणून टाकली नव्हती, कळलेल्या दिशेने जायची भीती वाटत होती म्हणून टाकली. तुझी लोकर तर एका जर्मन कार्यालयाच्या ईमेलवर पसरलेली. शनिवार-रविवार तिथे ऑफिसं बंद असतात, सोमवारी उघडलं आणि तुला उत्तर आलं. देवाला यात ओढायचं काही कारण नव्हतं. आणि दाखलाच हवा असेल तर प्रेषित पौलाचा घे. आशिया प्रांतात जायला मनाई झाली, बिथुनियाची वाट अडली, तरी तो चालत राहिला आणि त्रोवसला पोहोचल्यावर त्याला दृष्टान्त झाला. दृष्टान्तात दिसला मासेदोनियाचा एक पुरुष, आणि फिलिप्पैला नदीकाठी प्रत्यक्षात भेटल्या बायका, लुदिया आणि तिच्या सोबतच्या. तो घरी बसून तारखा मोजत नव्हता.

आता हिशेब. दिवसाला सहा तास आणि रविवारची सुट्टी धरली तर सहा आठवड्यांचे होतात २१६ तास. तू दिलेस १४४. सर्टिफिकेट २१६ चं आहे. बाहत्तर तासांचं देणं राहिलंय. मॅडमनी ते कागदावर माफ केलं, ते काही मायेपोटी नव्हे. सेक्रेटरींच्या मुलीला अपूर्ण कसं द्यायचं, एवढंच. मंडळीच्या संस्थांमध्ये हे सर्रास चालतं आणि वर त्यालाच प्रेम म्हणतात.

दोन आठवड्यांनी असा काय फरक पडतो, असं तुझ्या मनात आलंच असेल. तर ऐक. पहिल्या आठवड्यात तू पाहुणी असतेस. दुसऱ्यात नावं कळतात, कोणाचा चहा बिनसाखरेचा, कोणाची कवळी कुठल्या डबीत. तिसऱ्या-चौथ्यात गप्पा, पेपर वाचून दाखवणं, जुनी गीतं. इथवर सगळ्यांनाच छान वाटतं, कारण कामाच्या मावशी अजून तुला हातभार लावणारी समजत नसतात, तू सुटीतली मुलगी असतेस. पाचव्या आठवड्यात त्या तुला हाक मारतात : ये, हिला कुशीवर घेऊ. इथून पुढे शिकण्यासारखं सुरू होतं आणि तू नेमकी तिथेच उठून आलीस.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाहीतर माकडहाड, खुबा आणि टाचा इथली कातडी आधी लाल होते. बोटाने दाबून लाली जात नसेल तर जखमेची सुरुवात झाली समजायचं. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून हात लावून बघायचं, जागा गरम किंवा कडक लागते का. भरवताना पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, चमचा अर्धाच भरायचा, पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. घाई केली की अन्न श्वासनलिकेत जातं आणि मग न्यूमोनिया. उठवताना आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवायचं. एकदम उभं केलं की रक्तदाब उतरतो आणि माणूस कोसळतो. लकवा झालेल्याला खुर्चीत घ्यायचं असेल तर खुर्ची त्याच्या धडधाकट बाजूला लावायची. यातलं तुला किती येतं? जर्मनीत तू जाणार आहेस ती याच कामाला. तिथली सकाळची पाळी सहा-साडेसहाला सुरू होते. पेपर वाचून दाखवायला वेळ उरला तर उरला.

तुझी आई गप्प का आहे, ते मला सांगायची गरज नाही. वॉर्डात आयुष्य गेलेल्या बाईला चार आठवडे आणि सहा आठवडे यांतला फरक कळतो. येत्या रविवारी उपासनेनंतर तिला म्हण, पेशंट पलंगावर असताना चादर कशी बदलायची ते दाखव. एका कुशीवर वळवून अर्धी चादर पाठीमागे गुंडाळायची, नवी तिथेच पसरायची, मग माणसाला त्या घडीवरून पलीकडे घ्यायचं. ती स्वतः पलंगावर झोपून तुझ्याकडून करून घेईल. जर्मनीबद्दल तिच्याशी त्याच वेळी बोल.

तू म्हणतेस, तिकडे गेल्यावर विश्वास खरा होईल. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. कमी ऐकू येत असल्याने ते राहून गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, हे आपल्याकडे संडे स्कूलची मुलंही सांगतात. त्याहून कमी सांगितली जाते ती लंडनच्या फुलहॅममधली गोष्ट. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना सांभाळणारं ख्रिस्ती भगिनींचं घर तिथे होतं. ते काम बघून रमाबाईंनी विचारलं, या बायकांची काळजी घ्यावी असं तुम्हाला का वाटतं? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली, येशू विहिरीवर जिच्याशी बोलला त्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. आधी काम दिसलं, मग वचन. परत आल्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन आणि पुढे केडगावचं मुक्ती मिशन (दौंडजवळचं केडगाव, आपलं नगरचं नव्हे) जे उभं राहिलं, त्यात फुलहॅमच्या त्या घराचा वाटा मोठा आहे. परदेशाने त्यांना खूप दिलं, पण ते त्या प्रश्न विचारायला थांबल्या म्हणून. तू प्रश्न विचारणाऱ्या आजीला टाकून आलीस. तुझ्या पत्रात देवाचं नाव ठायी ठायी आहे आणि ओल मात्र त्या एकाच ओळीला आहे.

तर सोमवारी सकाळी आश्रमात जायचं. बारा दिवस, रोज सहा तास. जर्मनचा क्लास संध्याकाळी असेल तर संध्याकाळी कर, नसेल तर दोन आठवडे बुडव. तुझी बॅच बुडाली तर तुझं नुकसान, तुझी पाळी बुडाली तर कोणाची तरी कूस बदलायची राहते. मॅडमकडे जाऊन जुनं सर्टिफिकेट परत दे आणि म्हण, नवं द्या, त्यावर खऱ्या तारखा घाला : पहिले चार आठवडे कधी ते कधी, नंतरचे बारा दिवस कधी ते कधी, एकूण तास किती. त्या म्हणतील, राहू दे गं, कशाला. तू म्हण, पाहिजे. पप्पांना हे तू स्वतः सांग, मॅडमकडून कळण्याआधी.

आणि जर्मन संस्थेला ईमेल. करारावर सही करण्याआधी, नंतर नाही. ‘अर्जात मी सहा आठवड्यांची इंटर्नशिप लिहिली होती. त्या वेळी चारच आठवडे पूर्ण झाले होते. उरलेले दोन अमुक तारखेला पूर्ण केले. सुधारलेलं प्रमाणपत्र सोबत आहे.’ एवढंच. बॅचची वेळ, घरची अडचण, काहीही लिहू नकोस. कारणं जोडली की वाचणारा कारणंच तपासत बसतो. होकार मागे घेतला तर घेतला. न कळवता गेलीस तर तोच कागद व्हिसाच्या फायलीत जाईल, आणि खोटी माहिती सापडली तर व्हिसा नाकारायला तेवढंच पुरतं. तिथे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात कोणी म्हणालं, तुला अनुभव आहे ना, हिला खुर्चीत घे, तर त्या बाईचा खुबा मोडेपर्यंत जाऊ शकतं प्रकरण.

वर्षाबद्दल थोडं, कारण तुला तिकडचं चित्र जरा काचेच्या रंगीत खिडक्यांचं दिसतंय. स्वयंसेवेत आठवड्याची पाळी पूर्ण वेळेची असते, शनिवार-रविवारीही ड्यूटी लागते, म्हणजे महिन्यातले काही रविवार तू उपासनेला नसशील. असशील तेव्हा बाकं बरीचशी रिकामी दिसतील आणि बसलेल्यांत पांढरी डोकी जास्त. भाषेची ए२ पातळी झाली की अर्ज चालतो बऱ्याच ठिकाणी, काही त्यापुढची बी१ मागतात. पण कवळी काढलेल्या ऐंशी वर्षांच्या बाईची गावठी जर्मन कुठल्याच लेव्हलच्या पुस्तकात नसते. सत्ताविसाच्या आतल्यांना वर्षात साधारण पंचवीस दिवस शिबिरं असतात, तिथे समवयस्क भेटतात. ती चुकवू नकोस, एकटेपणावर तेवढाच उतारा. जागा मिळवून देतो म्हणून लाखांत पैसे मागणारा भेटला तर फोन ठेवून दे.

घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंदणी करावी लागते. त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथे चर्च लिहिलंस की पुढे कर भरण्याइतका पगार झाल्यावर आयकराच्या आठ किंवा नऊ टक्के, राज्यानुसार, चर्चचा कर वेगळा कापला जातो. स्वयंसेवेच्या खिशाखर्चाला त्याची झळ नाही. आपली बरीच मुलं तो रकाना न वाचता भरतात आणि पहिल्या पगाराला दचकतात. तू वाचून भर. काय लिहायचं ते तोवर तुझं तुला ठरवता यावं.

मास्टर्सचं आत्ता डोक्यातून काढ. फक्त जर्मनीला निघण्याआधीच विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत दाखला) काढून ठेव, तिकडून पुण्याला पत्रव्यवहार करत बसणं म्हणजे डोकेदुखी. शिक्षणाचा व्हिसा वेगळा असतो, त्याला एपीएसचं (आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं) प्रमाणपत्र लागतं आणि खर्चाची तजवीज दाखवायला बहुतेक जण वर्षाची ठरलेली रक्कम (२०२५ मध्ये ११,९०४ युरो) बंद खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीकच काढता येतात अशा खात्यात, ठेवतात. पप्पांनी त्यासाठी आत्ताच काही गहाण ठेवू नये.

राहिल्या आजी. त्या असतील, किंवा तो पलंग दुसऱ्या कोणाला दिलेला असेल. नसल्या तरी बारा दिवस भरायचेच. असल्या तर कदाचित ओळखणार नाहीत, कदाचित रुसतील. माफीचं भाषण नको, पाणी विचार, टाचा बघ. आणि निघताना त्यांनी पुन्हा तेच विचारलं तर ‘हो, येते’ म्हणून सुटायचं नाही. त्यांच्या पलंगाजवळ कॅलेंडर टांग, शेवटच्या शनिवारवर मोठ्ठं वर्तुळ काढ आणि सांग : आजी, या दिवसापर्यंत मी रोज येणार, त्यानंतर नाही. रोज निघताना त्यांच्याच हाताने एक एक चौकट खोडून घे.