‘डिनाय’ की ‘रिफ्यूज’?

‘तो यायला नाही म्हणाला’ या अर्थी ‘ही डिनाइड टू कम’ असे लिहिलेले चालेल का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. चालणार नाही, तेथे ‘रिफ्यूज्ड’च हवे. ही चूक आपल्याकडून सहज होते, कारण मराठीतले ‘नाकारणे’ आरोपालाही लागते, आमंत्रणालाही लागते आणि प्रवेशालाही.

तरीही हा भेद मराठीला परका नाही. अरबीतून आलेला ‘इन्कार’ आणि आपला ‘नकार’ हे शब्द शेजारी ठेवून पाहावेत. ‘त्याने पैसे घेतल्याचा इन्कार केला’ या वाक्यात पैसे घेतले की नाही हाच वाद आहे. ‘त्याने पैसे घेण्यास नकार दिला’ या वाक्यात पैसे समोर धरलेले आहेत, पण तो हात पुढे करत नाही. पहिल्याचे इंग्रजी ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’, दुसऱ्याचे ‘ही रिफ्यूज्ड टू टेक द मनी’. ‘घेतल्याचा’ आणि ‘घेण्यास’ यांतले अंतर इंग्रजीत ‘टेकिंग’ आणि ‘टू टेक’ असे उमटते, आणि म्हणूनच ‘डिनाय’च्या मागोमाग ‘टू’ घालून क्रियापद आणता येत नाही. बोलताना आपण ‘यायला इन्कार केला’ असेही म्हणतो, हे खरे. परंतु इंग्रजी लिहिताना ‘-ल्याचा इन्कार’ आणि ‘-ण्यास नकार’ ही जोडी मनाशी धरली, तर सहसा चूक होत नाही.

खरी अडचण ‘ही वॉज डिनाइड एंट्री’ यासारख्या वाक्यांत येते. येथे खऱ्याखोट्याचा प्रश्नच नाही. एखाद्याला हवी असलेली किंवा त्याच्या हक्काची गोष्ट मिळू न देणे, असा ‘डिनाय’चा हा वेगळा अर्थ आहे. येथे ‘रिफ्यूज्ड’ही चालते, पण माझ्या मते वंचित ठेवल्याची छटा ‘डिनाइड’मध्ये अधिक ठसठशीत आहे.

‘रिजेक्ट’चे मूळ लॅटिनमध्ये ‘मागे फेकणे’ असे आहे. अर्ज, प्रस्ताव किंवा सूचना फेटाळली जाते, तेथे तो शब्द शोभतो. ‘रिजेक्टेड टू कम’ मात्र कधीच होत नाही. ‘डिक्लाइन’ला ‘टू’ चालते, आणि त्यातला नकार सौम्य असतो: आमंत्रण आभार मानून नाकारणारा माणूस ते ‘डिक्लाइन’ करतो.